तिसरा रकाना

राऊत मेडिकलच्या फ्रिजमध्ये
इन्सुलिनच्या शेजारी
वर्षभर होती माझी एक काचेची बरणी,
झाकणाला मेण, चिठ्ठीवर माझं अक्षर :
मूग, बुटका, आसोला.
"लाइट गेली तर तुमच्या मुगाचा जिम्मा माझा नाही, मॅडम."

दुसरा वाटा सोसायटीच्या गोदामात,
युरियाच्या थप्पीला टेकून,
मे महिन्यात जिथला पत्रा
हाताची कातडी मागतो
आणि जुलैत पोत्यालाच घाम फुटतो.

तिसरा निर्गुणाबाई वाढईकडं.
मातीचं गाडगं, गोवऱ्यांची चाळलेली राख,
वर निंबाचा वाळला पाला, तोंडाला शेणमाती.
भरण्याआधी तिनं एक दाणा दाढेखाली धरला.
"कट् वाजलं तं भर.
दबलं तं आणखी दोन ऊन दे.
पण बियाची परीक्षा कायले व माय?
बी का नापास होते?"

शाळेच्या ओसरीवर तीन गोणपाटं ओली केली.
दहा ओळी, ओळीत दहा.
पोरांनी गुंडाळ्या बादलीत उभ्या केल्या,
एकानं त्यांना टोप्या घातल्या.

सातव्या दिवशी उलगडल्या.

गोदाम : एकतीस.
बाकीच्यांवर पांढरी लव, काहींना सुईएवढं भोक,
आणि एक असा, की मूळ फुटलं
पण पानं वर आणायची विसरला.
त्याला कुठं धरायचं
यावर सातवीतली दोघं अजून बोलत नाहीत.
फ्रिज : ब्याण्णव. राऊत दोन दिवस तेच सांगत फिरला.

राख : चौऱ्याऐंशी.
नऊ कुजलेले. आणि सात
तसेच. हिरवे, कोरडे, चकचकीत,
सात दिवस पाण्यात राहून
पाण्याला ओळख न दिलेले.

रजिस्टरात रकाने दोनच :
उगवले. मेले.
पेन हातात घेऊन मी बसून राहिले.

निर्गुणाबाईनं वाकून पाहिलं, हसली.
"गणंग हायेत थे.
वरणात दाताले लागते, नवरा ताट सरकवते.
पण उघाड पडली, पह्यलं सारं करपलं,
का मंग हेच निंघते मागून.
याईले मेलं नोको लिहू."

पट्टी घेतली. तिसरी रेघ ओढली.
वर लिहिलं : कडक.

एक दाणा पायरीच्या दगडावर घासला,
नखाएवढा, पांढरं दिसेपर्यंत,
आणि पुन्हा ओल्या फडक्यात ठेवला.
दुसऱ्या दिवशी सकाळी, प्रार्थनेआधी,
त्याला शेपूट आली होती.

सहा मी घासले नाहीत.
हातपंपामागच्या मातीत आहेत, बोटभर खाली.
पोरं रोज विचारतात.
तपासणीला आलेले साहेब विचारून गेले,
या रकान्याखाली बेरीज का नाही.