परभणी, पंचेचाळीस डिग्री

मुबीनभाईंनी बॉनेट उघडलंच नाही,
गाडीखाली वाकायला लावलं.
"सगळा ऐवज इथं, सिस्टर.
गाडी पळताना लिथियम ह्या काठाला येतं,
रात्री प्लग लावला की
माघारी त्या काठाला.
नुसती येरझार. जळत काही नाही."

निकेलवाली लांब पळते म्हणे,
पण आमच्या उन्हात तिचं अंग लवकर झिजतं.
लोह-फॉस्फेटवाली जड, पल्ला आखूड,
तापल्या पत्र्याखाली गुमान बसणारी.

जिंतूर जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर.
लसींचा डबा, मी, पाण्याची बाटली.
"लोहवालीच द्या. टिकेल किती?"
"तीन हजार फेऱ्या तरी."

मी मनात माझ्या मोजल्या,
लाल डब्यातल्या, बावीस वर्षांच्या.
तीन हजार कधीच उलटल्या होत्या.

पेन मागितलं.