लाभ

एकोणीसच्या पुरात हरिपूरच्या घरात पाणी
खिडकीच्या तिसऱ्या गजापर्यंत आलं, तेव्हा मामाचा रेडिओ गेला.
नंतर आलेला मोबाईल त्याच्या बोटांना ओळखत नाही.
चाळीस वर्षं हळदीची पोती काट्यावर चढवलेली बोटं,
काचेवर दहादा टेकली तरी
आत कुणी उठत नाही.

म्हणून गणपती पेठेतून हा डबा आणला, साडेसातशेचा.
पडदा नाही, नेट नाही. पोटात नखाएवढं कार्ड,
कार्डात चारशे बारा गाणी.
दोन रात्री जागून मी क्रमांक घातले,
भजनं वर, तमाशातली खाली, मधे धारवाडकडची कन्नड पदं.
डब्यानं माझे क्रमांक वाचलेच नाहीत,
जे आधी चढलं ते आधी वाजवलं.
'बरोबर हाय की,' मामा म्हणाला,
'गाडी लागंल तसा माल उतरायचा.'

बटणं पाच. दोन मी काळ्या टेपखाली मिटवली.
पुढचं गाणं हवं तर हलकं दाबायचं,
दाबून धरलं की आवाज वाढतो.
हलकं म्हणजे किती, हे आदगोंडा मामाला कसं सांगावं?
त्यानं आयुष्यात काहीच हलकं दाबलेलं नाही.
पहिले दोन दिवस गाणं तेच राहिलं
आणि अख्ख्या गल्लीनं ऐकलं.
तिसऱ्या दिवशी शेजारची सुगंधाकाकू येऊन सांगून गेली,
'सायीवर बोट ठेवल्यागत ठेवा, भाऊजी.'

मधल्या बटणावर तुरीची डाळ चिकटवायला घेतली,
अंधारात चाचपता यावं म्हणून.
'तूर नको.' फडताळातून त्यानं
हळकुंडाचं टोक काढून दिलं.
'हे सापडंल. वासानं बी.'

चालू केलं की आतली बाई आधी इंग्रजीत काहीतरी बोलते,
परक्या, घाईच्या आवाजात.
तिला गप्प करायची वाट मी शोधत होते;
मामा तोवर तिला 'बरं, बरं' म्हणून मोकळा झालेला.
'असू दे. घरात येणारं माणूस आधी आवाज देतंच.'

मग विचारलं, 'सगळी संपल्यावर?'
'परत पहिल्यापासून, मामा.'
'पहिलं न्हाई. लाभ.'
काट्यावर एक म्हणत नाहीत, विसरलेच होते मी.
पहिलं पोतं लाभ, मग दोन, मग तीन.

आता पुण्याहून फोन करते तेव्हा
गुडघे, साखर, जेवण सगळं नंतर.
आधी, कितवं?
'एकशे अठ्ठ्याऐंशी. सकाळपास्नं लाइट न्हाई, ह्याला काय फरक न्हाई.'
एकदा म्हणाला, 'दोनशे सहा तीनदा झालं. कडत्यात धर.'
दोनशे सहा कोणतं, ते मी कार्डाच्या यादीत शोधलं नाही.

रविवारी उशिरा फोन आला, त्याचाच.
मागं पेटीवाला सूर धरत होता.
'माल संपला गं काल रात्री.'
'मग?'
'मग काय. लाभ लागलाय.'