पावणेतीन तंबोरे

तूनच्या लाकडाला घाई चालत नाही,
हे सांगायला गेलो तर तहसीन म्हणाली,
अब्बा, मला लाकूड नको, लाकडाची पापडी हवी,
दीड मिलिमीटर, तीन पंखांपुरती.

मिरजेत आमच्या गल्लीत लोक सूर विचारत येतात.
माझी पोरगी तोल विचारते.
पाइपवर सरस लावून तिने जुनं कॅलेंडर गुंडाळलं,
एप्रिलच्या तारखा वळणावर अर्ध्या तुटल्या.
नळी सुकायला टांगली भोपळ्यांच्या रांगेत.
धारवाडचं गिऱ्हाईक बोट दाखवून म्हणालं,
हे कुठलं वाद्य?
म्हटलं, अजून वाजलेलं नाही.

मोटर तेवढी विकतची, पार्सलने आलेली.
तिच्या आईने ती ठेवली चुलीपासून लांब,
माझ्या बिडीपासून त्याहून लांब.
बाकी सगळं घरचं:
छत्रीला तंबोऱ्याच्या खोळीचं लाल अस्तर,
सळीवर सरकायला शहाळ्याच्या नळीचा तुकडा,
अंगावर चपड्याचे पाच हात.
सहावा मी रात्री गुपचूप मारला.

मग दोरा.
कमरेला दोरा बांधून तिने रॉकेट डोक्याभोवती फिरवलं,
भोपळे सांभाळत. ते शेपटीकडून पळालं.
पुन्हा फिरवलं. पुन्हा उलटं.
नाक हलकं आहे, म्हणाली, आणि भुश्शातच बसली.

चाळीस वर्षं मी तारेखाली दोरा सरकवतोय,
केसभर इकडे, केसभर तिकडे,
आणि तार एकदम बोलायला लागते.
जवारी कुठे उघडते हे सांगता येत नाही. सापडते.
मी खण ओढला. हाडाचे मणके,
तंबोऱ्याला चार लागतात,
खुंटीने न गेलेला शेवटचा बेसूर काढायला.
नाकात एक टाकला. तीन. सहा.
अकराव्याला ते वाऱ्यात तोंड घालून फिरलं,
सरळ, गोठा ओळखणाऱ्या जनावरासारखं.
अकरा मणके म्हणजे पावणेतीन तंबोरे.
मी बोललो नाही.

दंडोबाच्या अलीकडे, भोशाच्या माळावर,
जानेवारीतली सकाळ, शाळू हुरड्यात आलेला.
ती दहापासून उलटी मोजत होती.
मला उलटं मोजायची सवय एकच,
मी वरच्या सां वरून उतरायला लागलो,
सां, नी, ध, प,
आणि मध्यमावर पाय टेकायच्या आत
ते गेलं.

सूर नव्हता. मांजरपाट फाडावं तसा आवाज, तेवढाच.
डोळे वर पोचले तेव्हा
वारा धुराची रेघ वाकवत होता
आणि रेघेच्या टोकाला काही नव्हतं.
तहसीनने माझं मनगट धरलं होतं,
लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसं.
मग लाल ठिपका उघडला
आणि कवठ्याच्या बाजूला वाहत निघाला.

शाळूत शिरलो. पानं हाताला कापतात.
माळ्यावर एक बाई, खांद्यावर गोफण,
हातात आमचं रॉकेट, एक पंख मोडलेला.
"पाखरू समजून धोंडाच घालणार होते," कोंडाबाई म्हणाली,
"पण हे कणसावर बसंना."
तहसीन वहीत पावलं लिहित होती, वाऱ्याची दिशा लिहित होती.
"माझ्या धोंड्याहून वर गेलं?"
"गेलं, मावशी."
"मग परत कशाला आणलंत?"
आम्ही दोघं एकमेकांकडे बघितलं.
तिने गोफण फिरवली, डोक्याभोवती, दोनदा,
एक टोक सोडलं,
आणि भोरड्यांचा थवा उठेपर्यंत
तिघंही धोंड्याच्या मागे वर बघत राहिलो.

घरी आल्यावर नाक हलवलं. मणके खुळखुळले.
धारवाडच्या तंबोऱ्याला एक कमी पडत होता,
मी हात पुढे केला.
अब्बा, पुढची मोटर मोठी आहे, ती म्हणाली,
अजून एक लागेल.

रात्री कानस घेऊन बसलो.
दोन मणके घासायचे होते.
पहिला कुणाचा, ते ठरवलं नाही.