ऐंशी ग्रॅम

माझ्या पेटीत मखमलीवर पितळी वजनं झोपलेली असतात.
हात लावायचा नाही, चिमट्यानं उचलायची.
बोटाचा घाम चढला तरी ती खोटं बोलू लागतात,
असं नोकरीच्या पहिल्या दिवशी शिकवलं
तेव्हा मी हसलो होतो.

महालात, ढोमण्यांच्या दुकानात,
किलोच्या बुडाला भोक. आत मेण.
चाळीस ग्रॅम कमी.
ढोमणे शांत. म्हणाले,
अर्धी गल्ली उधारीवर जेवते माझ्या,
फेडतं कोण?
हे चाळीस ग्रॅम म्हणजे त्यांचं त्यांनीच फेडलेलं समजा.
देवाशपथ, रात्री पडल्या पडल्या झोप लागते मला.

मी पंचनामा लिहिला.
आमच्या फॉर्ममध्ये झोपेचा रकाना नाही.

बुधवार बाजारातल्या कौतिकाबाई नेवारेंचा दगड मात्र
तीन वर्षं मी पाहून न पाहिल्यासारखा केला.
कन्हानच्या पात्रातला, काळा, गुळगुळीत,
सासूच्या हातून आलेला.
एक हजार ऐंशी भरला होता.
"माहा दगड खोटा नाई सायेब,
जास्तच जाते गिऱ्हाइकाले.
पाप कायचं?"
कायद्यात पाप नव्हतं, कलम होतं.
मी कलमाकडे पाठ केली,
अर्धा किलो वांगी घेतली, सांबार वर फुकट,
आणि त्या रात्री मलाही
पडल्या पडल्या झोप लागली.

यंदा मे महिन्यात, उन्हाच्या आधी उरकावं म्हणून
साडेपाचलाच बाजारात पोचलो.
गिऱ्हाईक नव्हतं अजून.
पाचगावच्या पहिल्या गाडीनं आलेली एक पोरगी,
दामिनी नाव,
पोत्यातून वांगी ओतत होती पारड्यात,
आणि दुसऱ्या पारड्यात
तोच दगड.

दुपारी देणारा, पहाटे घेणारा.
कौतिकाबाईंच्या हे कधी ध्यानातच आलं नव्हतं.
त्यांचा चेहरा पाहिला मी, शपथेवर सांगेन.
दगड एकच, दोन्हीकडे सारखाच, म्हणून तर खरा,
असं त्या मानत होत्या.
मी तरी काय निराळं मानत होतो?

दिवसाला वीस किलो. किलोमागे ऐंशी ग्रॅम.
तीन वर्षं.
मी हिशेब केला. कागद फाडला नाही.

कोणी म्हणेल, तुझी पितळी वजनं तरी कुठली देवाघरची?
दर वर्षी त्यांना दुसऱ्या वजनांसमोर बसवतात,
त्यांना तिसऱ्या.
शेवटचं कोणासमोर बसतं,
मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.
एवढंच कळतं की एकटं बसून
कोणतंच वजन स्वतःला तोलत नाही.
समोर पारडं लागतं,
आणि त्या पारड्याकडे कोण उभं आहे
ते बघायला पहाटे उठावं लागतं.

दगड जप्त केला. कौतिकाबाई रडल्या नाहीत.
पोरीनं नवं लोखंडी वजन उलटंपालटं केलं,
शिक्का पाहिला, मग मला विचारलं,
"आन् मांगचं कोन देईन?"

मी पेटी मिटली.

परतताना झिरो माइलपाशी थांबलो.
चार घोडे, एक खांब.
कोणीतरी कधीतरी म्हणालं, इथून मोजा.
दुसरीकडूनही मोजता आलं असतं, कबूल.
पण त्यानं त्या पोरीची वाट
हातभरही कमी झाली नसती.

डिक्कीतून दगड काढला.
ऊन चढलं होतं, दगडही तापलेला.
चिमटा नव्हता. तसाच तळहातावर घेतला,
डोळे मिटले.

बरोब्बर एक किलो वाटला.