काही घडत नाही

बिजॉयच्या भावाने आणलेली सीडी,
वर मार्करने फक्त एवढंच : कॉमेडी, बरी आहे.
बारावीचा निकाल लागायला अकरा दिवस होते.
नेरूळ, सेक्टर सहा, सिडकोची तळमजल्याची खोली,
खिडकीत कढीपत्त्याची कुंडी,
पंखा तीनवर अडकलेला, चारवर जायला तयार नाही.

सिनेमात पाच पोरं, एक रात्र.
कुणाच्या तरी गच्चीवर पार्टी आहे
आणि पत्त्याचा कागद पँटच्या खिशात धुतला गेलाय.
संपली गोष्ट.
उरलेले दीड तास ती शहरभर फिरतात,
ज्या गाडीत पेट्रोल नाही तिच्या टायरात हवा भरतात,
मासे झोपतात का यावरून भांडतात,
एक जण एका मुलीला काहीतरी सांगणार असतो
तेवढ्यात तिचा बाप दूध घेऊन येतो.
पहाटे गच्ची सापडते. वर फक्त खुर्च्या,
एकावर एक रचलेल्या.
त्यातल्या पाच काढतात. बसतात.
नावं वर सरकायला लागतात.

हेमांगी म्हणाली, एवढंच?
रूपेश म्हणाला, परत लाव.

अकरा दिवस रोज लावला.
सीडी दूधवाल्या बापापाशी अडकायची,
बिजॉय ती बनियनला पुसायचा
आणि तोवर पुढचे संवाद आम्हीच म्हणून टाकायचो.
मासे झोपतात, रूपेश खात्रीने सांगायचा,
तो करावे गावातला, घरी होडी होती,
झोपतात, पण डोळे मिटत नाहीत साले.

काय आवडायचं, ते तेव्हा सांगता आलं नसतं.
कुणी सुधारत नव्हतं त्यात.
कुणाला शहाणं करायला कुणाची आई आजारी पडत नव्हती.
आणि तो लाल टोपीवाला, पाचवा,
ज्याला अख्ख्या सिनेमात तीन वाक्यं,
त्यातलं एक : थांबा रे, लेस सुटली.
सगळे खरोखर थांबतात.
कॅमेराही थांबतो,
लेस बांधून होईपर्यंत.

मग निकाल लागला.
बिजॉय आधी कोट्टयमला गेला, मग मस्कतला.
हेमांगीचं नि माझं कशावरून फिस्कटलं
ते आता दोघींनाही आठवत नाही.
रूपेश उलव्याला जेसीबी भाड्याने देतो,
दिवाळीला मेसेज करतो, स्वतः न लिहिलेला.

मी महाप्याला काचेच्या एका इमारतीत बसते,
लोकांच्या पटकथा वाचते, महिन्याला वीसेक,
आणि समासात लिहिते :
या दृश्याने कथा पुढे सरकत नाही.
बरोबरच लिहिते. पगार त्याचाच आहे.
परवा एका पोराने विचारलं, मॅडम, पण न्यायची कुठे?
मी त्याला पान बेचाळीस दाखवलं.
पान बेचाळीसवर तिघे जण बंद दुकानाच्या पायरीवर
शेवटचं चिकन लॉलीपॉप कुणाचं ते ठरवत होते.
काढा हे, म्हटलं.
त्याने वाद घातला नाही. वहीत लिहून घेतलं.
ते जास्त लागलं.

घरी जाताना रिक्षा वाकडी करून सेक्टर सहामधून घेतली.
बागेच्या कठड्यापाशी चार पोरं.
वायरीवर अडकलेलं शटल,
ते पाडायला फेकलेली चप्पल,
तीही अडकलेली.
दुसरी फेकावी का, यावर चर्चा चालली होती,
सावकाश, उद्याही चालू ठेवता येईल अशी.
ज्याची चप्पल तो एका पायावर उभा,
त्याचं मत कुणी विचारत नव्हतं.

मीटर पळत होता.
कुणी येणारे का, मॅडम? रिक्षावाल्याने विचारलं.
नाही म्हटलं.
त्याने थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं, मग वायरीकडे.
इंजिन बंद केलं,
डोकं बाहेर काढलं आणि ओरडला,
अरे, बूट फेका कुणीतरी. चपलेला वजन नसतं.