करडईचं फूल

चमचा एकच होता, रुमालात गुंडाळलेला.
बाई म्हणाल्या, मोडायचाय. भाव काय चाललाय?
भाव सकाळीच चढला होता.
मी दांडी उजेडात धरली
आणि काट्यावर ठेवायचं विसरलो.

टोकाला करडईचं फूल, खाली पाच पानं,
पाचवं वाकडं.
ते वाकडं पान आमच्या घरातलं.

जालन्याच्या छावणीत साहेब होते तेव्हाची गोष्ट.
बारा काट्यांतला एक खानसाम्याने हरवला, की विकला,
आणि आला सटवाजी उदावंतांकडे, माझ्या खापरपणजोबांकडे,
अंगरख्यात दुसरा काटा लपवून :
हूबहू ऐसाइच होना, इतवार के अंदर.

सटवाजींना काटा माहीत होता तो तराजूचा,
नाहीतर टाचेत मोडणारा.
पण फूल बघून म्हणे मोठ्यानं हसले,
अरे, ही तर आपली करडई!
साहेबाच्या मुलखातही पेरतात काय?

ते फूल भलतंच होतं, थंड डोंगरावरचं.
मला हे कळलं पन्नाशीत,
लिलावाच्या एका जुन्या यादीत चित्र पाहून.
सटवाजींनी त्याला रब्बीत आणलं,
बोंड बुटकं, पाकळ्या विस्कटलेल्या,
काटे असे की आजही अंगठ्याला कळतात.
मागच्या शिक्क्यात चालता सिंह होता.
सिंह त्यांनी पाहिला नव्हता.
त्यांचा मुंगसासारखा दिसतो.

साहेबाला फरक कळला नाही,
किंवा कळला आणि आवडला,
कारण महिन्याभरात दोन डझन चमचे सांगून गेला.
मग लिंबाजींनी, त्यांच्या पोरानं, पोलादी ठसा कोरला.
पाचव्या पानावर होता तेव्हा
छावणीची बाराची तोफ झाली
आणि छिन्नी घसरली.

पुढे छावणी उठली.
काटे सगळे आटले, कुणाला हवे होते?
वाळे झाले त्यांचे, तोरड्या झाल्या,
एकाचा तर खंडोबाचा टाक.
चमचे तेवढे राहिले,
वकिलांकडे, मोंढ्यातल्या अडत्यांकडे,
बारशाला, उष्टावणाला.
ठसा वाटणीत चुलत्यांबरोबर परभणीला गेला
आणि तिथं कुणी त्याने खलबत्त्यात सुंठ कुटली
असं ऐकतो.

दांडीवर बारीक खळगे होते. हे काय, विचारलं.
दात, बाई म्हणाल्या, भावाचे. दुधाचे.
आणि खिडकीबाहेर सराफ्याकडे बघत राहिल्या.

काट्यावर ठेवला. एकेचाळीस ग्रॅम.
मागे मूस तापलेली, पोऱ्या वाट बघत.
म्हटलं, बाई, भाव पडलाय आज.
आठवडाभर थांबा.