अष्टमीचं पाणी

वैती, इथे बस. खुर्ची डावीकडे कलते, सवय होईल.
या खोलीला खरी खिडकी एकच होती,
तिच्यात एसी बसवला, उरलेल्या फटीत प्लायवूड ठोकलं.
तेव्हापासून चेंबूरच्या या चौथ्या मजल्यावर
बाहेर काय चाललंय ते हा पडदाच सांगतो.

ही पहिली, मॉडेलची.
हिच्यात माहूलची खाडी चौकोन चौकोन करून ठेवलीय,
बाणाबाणाने पाणी या चौकोनातून त्या चौकोनात जातं.
ही मिटलीस की सगळ्या मिटतात,
घरातला कर्ता पुरुष गेला की जसं...
नको, ती उपमा नको. मेन स्विच म्हण.

ही आलेखाची. बिनधास्त बंद कर.
कर ना. घाबरलीस?
आलेख गेला, पाणी कुठे गेलं?
आकडे होते तिथेच आहेत.
ही काही साठवत नाही, नुसती बघते.
उघड पुन्हा : तीच लाट, त्याच जागी.
एका आकड्यावर दहा खिडक्या उघडता येतात,
दहाही तोच आकडा बघतात, आपापल्या उंचीवरून.

ही नकाशाची. गाळ जितका जाड तितका रंग तपकिरी.
मॉडेल चालू असेल तेव्हा हिला खाली सारायची,
नाहीतर क्षणाक्षणाला रंगवत बसते
आणि गणित मागे रेंगाळतं.

वर तरंगतंय ते अवजारांचं ताट.
कुठेही ओढ, सगळ्यांच्या डोक्यावरच राहणार.
आमचे मणेरीकर साहेब भेटतील तुला दुपारी.

आणि ही अडवणारी.
ही आली की बाकीच्यांना कुलूप.
‘बदल जतन करायचे?’ हो. नाही. रद्द.
उत्तर देईस्तोवर खाडीसुद्धा हलत नाही.
एवढ्याशा प्रश्नाचा केवढा दरारा!

तू ऐकतच नव्हतीस.
आलेखाच्या शिखरावर बोट ठेवलं होतंस,
पडद्यावर डाग उमटेल इतकं दाबून.
‘सर, ही तारीख कुठली?’
सव्वीस.
‘सव्वीसला अष्टमी होती.’
बरं, मग?
‘अष्टमीला भांग असतो. भांगाला एवढं पाणी
आमच्या कोळीवाड्यात कुणी बघितलेलं नाही.’

माझ्याजवळ समीकरणं होती, सतरा पानं.
तू फोन लावलास. मागे इंजिनाची टकटक,
कुणीतरी कुणाला दोर सोड म्हणून ओरडत होतं.
बाबा आधी हसले.
‘अष्टमीला? होरी चिखलान रुतलेली ना गो त्या दिवशी.’

तेव्हा मी सगळ्यांत खालची खिडकी वर ओढली,
तुला दाखवायची राहिलेली. संदेशांची.
ती कुणाला अडवत नाही, वाजत नाही,
एक ओळ लिहिते आणि गप्प बसते.
तीन आठवडे आलेखाखाली दबून होती.
करड्या अक्षरांत, एकशे बारा वेळा :
सुरुवातीची तारीख नोंदींशी जुळत नाही.

तक्ता उघडला. पहिली ओळ, दुसरा रकाना.
आठाच्या जागी एक.
टंकणारं बोट माझंच.

तू एक खोडून आठ केलास, मॉडेल पुन्हा सोडलंस.
एसीच्या घरघरीत आपण दोघं काही न बोलता बसलो.
मग आलेख थरथरला,
शिखर सात दिवस सरकून अमावास्येला टेकलं,
नकाशात तिवरांपाशी तपकिरी फिकट होत गेलं,
आणि सव्वीसच्या जागी ते उथळ पाणी,
ज्यात एक होडी रुतू शकते.

खालच्या खिडकीत नवी ओळ आली नाही.
अडवणारी मात्र आलीच.
बदल जतन करायचे?

मी माऊस तुझ्याकडे सरकवला.
तुझं ओळखपत्र अजून छापून यायचं होतं.